लेबलवरचा ग्राहक सेवा क्रमांक

ती घटना आजही आठवते, असं म्हणून सुरुवात करायची आम्हा निवृत्तांची पद्धत आहे. माझं जरा वेगळं आहे. ही केस मला नुसती आठवत नाही, ती अजूनही माझ्या डोक्यात जाते. खून, दरोडे, दंगली सगळं पाहून झालं, पण माझा रक्तदाब खरा वाढवला तो चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या एका डबीनं.

कोल्हापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती, आरोपींना कोर्टात पाठवायची धांदल चालू होती, तेवढ्यात एका रुग्णालयातून डॉक्टर बाईंचा फोन आला. "साहेब, माझ्याकडं सत्तावीस वर्षांची मुलगी दाखल आहे. पाय सुजलेत, डोळ्यांखाली सूज आहे, मूत्रपिंडाला मार बसलाय. ती लावते त्या परदेशी क्रीममध्ये पारा असावा असा माझा संशय आहे. नमुना तपासायला पाठवतेय. पण हा माल बाजारात असेल तर आणखी किती जणी लावत असतील, ते तुम्ही बघा."

मी विचारलं, "कंपनी कुठली?"

"लेबलवर सगळं लिहिलंय की," त्या म्हणाल्या. हे वाक्य पुढच्या चार दिवसांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की लेबल हा शब्द कानावर पडला तरी माझं टाळकं फिरायला लागलं.

जबाब घ्यायला मी महिला हवालदाराला घेऊन रुग्णालयात गेलो. मुलगी हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका होती. लग्न ठरलेलं. चेहऱ्यावरचे वांगाचे डाग जावेत म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिनं मंगळवार पेठेतल्या एका दुकानातून ती डबी घेतली होती. उशाशी तिचा थोरला भाऊ उभा होता. घरी म्हशी, दूध डेअरीत नोकरी, अंगानं दांडगा आणि रागानं लाल झालेला. "साहेब, त्या दुकानदाराला माझ्या ताब्यात द्या. तासाभरात परत आणून देतो," म्हणाला. त्याला बाहेर चहाला पाठवलं.

मुलीनं डबी हातात धरूनच जबाब दिला. डबीवर मूळ परदेशी अक्षरं होती, आपल्याला न वाचता येणारी. त्यावर एक पांढरं लेबल चिकटवलेलं. तिनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, वर्गात धडा वाचावा तसं. आयातदाराचं नाव, मुंबईचा पत्ता, कुठल्या देशात तयार झालं, आयात केल्याचा महिना, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, ग्राहक सेवा क्रमांक. "मी मुलांना शिकवते साहेब, लेबल वाचल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही. मी वाचूनच घेतली. आणि पाय सुजायला लागले तेव्हा या नंबरवर फोनपण केला."

"लागला?"

"लागला की. एक काका बोलले. म्हणाले, सुरुवातीला अंगात भिनताना थोडी सूज येते ताई, काय होत न्हाय, लावत राहा. म्हणून मी आणखी तीन आठवडे लावली." डॉक्टर बाई मला बाहेर म्हणाल्या की ते तीन आठवडेच महागात पडलेत, आता मूत्रपिंड किती सावरेल ते त्यांना सांगता येत नाही.

गुन्हा दाखल केला आणि तपासाला लागलो. कसला तपास! मुंबईच्या पत्त्यावर तिकडच्या ठाण्याचा माणूस पाठवला. त्यानं कळवलं, त्या रस्त्यावर त्या क्रमांकाची इमारतच नाही. वेष्टनावरच्या मजकुराचे नियम बघणाऱ्या खात्याचा निरीक्षक आला. त्यानं भिंग लावून लेबल पाहिलं आणि म्हणाला, "आमच्या नियमात लागतात त्या सगळ्या गोष्टी आहेत. अक्षराचा आकारसुद्धा बरोबर आहे." त्याचं चुकत नव्हतं. सौंदर्यप्रसाधनाच्या आयातीला वेगळा नोंदणी क्रमांक लागतो, घटकांची यादी लागते, ते बघणारं खातं वेगळं. माल देशात आला कसा, हे बघणारं आणखी तिसरं. प्रत्येकाला पत्र, प्रत्येक पत्राला जावक क्रमांक. इकडं माझ्या डोळ्यांसमोर गावोगावच्या बायका सकाळ-संध्याकाळ पारा चोळत होत्या आणि मी पत्रांवर सह्या करत बसलो होतो.

दुकानदाराला ठाण्यात आणला. पन्नाशीचा, घामाघूम, पण आवाज सगळ्या ठाण्यात ऐकू जाईल असा.

"साहेब, लेबल हाय की त्याच्यावर! लेबल नसतं तर मी दुकानात ठेवलंच नसतं!"

"माल कुणी दिला?"

"एकजण मोटारसायकलवरनं येतोय. पिशवीतनं आणतोय, देऊन जातोय. नाव कुणाला ठाऊक? आम्ही पावणं म्हणतोय."

"बिल?"

"पावण्याकडं बिल कुठं मागायचं, साहेब?"

मी टेबलावर हात आपटला. टेबलाला काही झालं नाही, माझ्या हाताला झालं. विकत घेणाऱ्या बायकांची नावं त्याच्याकडं असणार कुठून? रोख दिलं, डबी घेतली, गेल्या. तीसेक डब्या विकल्या असतील, एवढंच तो सांगू शकला.

आता माझ्याच अकलेचं सांगतो. पत्ता खोटा, कंपनी खोटी, म्हणजे फोन नंबरही खोटाच असणार, असं मी गृहीत धरून बसलो होतो. मुलगी स्वतःच्या तोंडानं सांगतेय की फोन लागला, काका बोलले. तरी मी मोबाईल कंपनीला रीतसर पत्र पाठवून नोंदींची वाट पाहत होतो. चौथ्या दिवशी महिला हवालदार वैतागून म्हणाली, "साहेब, एकदा लावून तर बघूया." मी लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"बोला पावणं."

"क्रीमच्या कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र का?"

"व्हय की, बोला." मागं कसलं तरी यंत्र खटाखट चाललं होतं. "घरच्यांसाठी हाय का? सकाळी तोंड धुऊन लावायची, रात्री झोपताना लावायची. उन्हात जायाचं न्हाय."

"तुम्ही बोलताय कुठून?"

"मंगळवार पेठेतनं. या की, च्या पिऊया." आणि त्यानं मला बोळासकट पत्ता सांगितला. चार दिवस मी मुंबई धुंडाळत होतो आणि हा माझ्या ठाण्यापासून पंधरा मिनिटांवर बसला होता. मी फोन ठेवेपर्यंत महिला हवालदार जीपची किल्ली घेऊन दारात उभी होती.

छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, वाढदिवसाचे फलक. मालक साठीला आलेला, कपाळाला गंध, हाताला शाई. आम्हाला पाहून तो आधी खुर्च्या पुसायला लागला. लेबलं त्यानंच छापली होती. मोटारसायकलवाला वितरक कागद घेऊन आला होता, त्यावर नाव, पत्ता, वजन, किंमत सगळं लिहिलेलं. ग्राहक सेवा क्रमांक तेवढा रिकामा.

"मी म्हटलं, कायद्यानं नंबर लागतोय. लेबलं छापतोय, एवढं मला म्हाईत हाय," तो सांगू लागला. "तो म्हणाला, कायतरी टाका. आता कायतरी कसं टाकणार साहेब? दुसऱ्या कुणाचा लागला तर त्याला त्रास. म्हणून माझाच टाकला."

"आणि फोन आल्यावर?"

"आल्यावर बोलायचं."

"क्रीममधलं तुम्हाला काय कळतं? डॉक्टर आहात?"

"न्हाय, साहेब. पण बाईमाणूस एवढं आशेनं विचारतंय. विचारणाऱ्याला कायतरी सांगाय नको का?"

मी आयुष्यात शेकड्यानं जबाब घेतले. खोटं बोलणारा माणूस मला आवाजावरून कळतो, त्याला कसं उलगडायचं तेही कळतं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला या उद्योगातून लेबलांच्या छपाईपलीकडं काही मिळालंही नव्हतं. त्यानं भलेपणानं एका मुलीचं मूत्रपिंड धोक्यात घातलं होतं. मला इतका संताप आला की मी बाहेर जाऊन दोन मिनिटं बोळात उभा राहिलो.

पुढचं काम सोपं होतं. त्याच्याकडून वितरकाचा ठावठिकाणा मिळाला, त्याच संध्याकाळी पंचांसमक्ष छापा घातला, उरलेला माल जप्त केला, वितरक अटकेत. प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात पारा निघाला. पण विकल्या गेलेल्या डब्यांचं काय? त्याचं निदान अर्धं उत्तर छापखानेवाल्याच्या मोबाईलमध्ये निघालं. या गृहस्थानं फोन करणाऱ्या प्रत्येकीचा नंबर जपून ठेवला होता. क्रीम ताई एक, क्रीम ताई दोन, असे चौदा. का, तर पुन्हा फोन आला तर ओळख पटावी म्हणून!

महिला हवालदारानं पहिल्या तिघींना फोन लावले. "मी पोलीस ठाण्यातून बोलतेय," म्हटलं की समोरून फोन बंद. एकीनं तर सुनावलं, "पोलिसांच्या नावानं फसवणारे फोन येतात, आम्हाला ठाऊक आहे, ठेवा." आम्हीच शाळा-कॉलेजांत जाऊन हे शिकवून आलो होतो. शेवटी मी छापखानेवाल्याला समोर बसवलं आणि म्हटलं, तुमच्याच आवाजात सांगा. बायकांनी तुमचंच ऐकलंय.

त्यानं एकेक नंबर लावला. "ताई, मी क्रीमवाला बोलतोय. ती क्रीम लावू नका. लगेच बंद करा, डॉक्टरांना दाखवा. डबी पोलीस ठाण्यात आणून द्या." बायका त्याच्याशी हुज्जत घालत होत्या. "परवा तर तुम्हीच लावा म्हणालात की!" "व्हय ताई, ते चुकलं माझं." प्रत्येक फोनला त्याचा आवाज आणखी बसत गेला.

नववा नंबर त्याच शिक्षिकेचा होता. माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. तो ठरलेलं सगळं बोलून गेला. मग तिनं विचारलं, "काका, मी दवाखान्यातनंच बोलतेय. सूज का येते, तुम्हाला माहीत होतं का हो?"

"न्हाय, ताई."

"मग माहीत नाही एवढंच सांगायचं होतं. मी त्याच दिवशी लावायची बंद केली असती."

त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही शाईचे हात तोंडावर घेतले. मला त्याची कीव आली नाही, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "अजून पाच राहिलेत. लावा." त्यानं डोळे पुसले आणि दहावा नंबर लावला. शिक्षिकेची डबी आमच्याकडं होतीच, बाकीच्या तेरापैकी बारा जणींनी आपल्या डब्या आणून दिल्या. एकीचा फोन बंद होता, तिचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

शिक्षिकेच्या उपचाराला वर्ष लागलं. मूत्रपिंड बरंचसं सावरलं, गोळ्या अजून चालू आहेत. लग्न त्या मुलाशी झालं नाही. तिकडच्यांनी कारण सांगितलं नाही आणि हिच्या भावानं विचारलंही नाही.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. आपल्या कोल्हापुरात कुणी पत्ता विचारला तर ठाऊक नसतानाही आपण हात करून सांगतो, "सरळ जावा, पुढं कुणालाबी इचारा." पावण्याला नाही म्हणायचं नाही, हा आपला मोठेपणा. माणूस दोन गल्ल्या चुकतो, एवढंच, असं मला वाटायचं. नोकरीत मीसुद्धा तेच केलं. पोरगं हरवलेल्या आईबापाला, काही हाती नसताना, सापडेल हो, काळजी करू नका, असं किती वेळा म्हणालो असेन. धीर देतोय असं वाटायचं. त्या धीरावर भरवसा ठेवून किती जण स्वतः शोधायचे थांबले असतील, याचा हिशेब माझ्याकडं नाही.

आता निवृत्तीनंतर शेजारीपाजारी येतात. साहेब, या केसमध्ये जामीन मिळेल का, ही जमीन घेतली तर चालेल का? "मला माहीत नाही," असं मी सांगतो. त्यांचं तोंड उतरतं. एवढी वर्षं नोकरी केली आणि एवढंही सांगत नाही, असं बाहेर जाऊन म्हणतात. म्हणू देत.