तुपाची धार

माझी नऊ पुस्तकं छापून आली आहेत. सहा विनोदी लेखांची, तीन व्यंगचित्रांची. बुलढाण्याच्या वाचनालयात ती एका कप्प्यात ओळीनं उभी असतात. त्यातलं एक मी दर खेपेला हळूच उलटं करून, पानं बाहेर नि नाव आत, असं ठेवून येतो. ग्रंथपालबाई ते सरळ करतात. मी पुन्हा उलटं करतो.

त्याच्या मुखपृष्ठावर माझे मामा आहेत. नाव कुठं दिलेलं नाही. पण ते नाक, कानावर ओढलेली टोपी आणि हातातला तुपाचा गडवा पाहून मेहकरकडच्या आमच्या गावातल्या शेंबड्या पोरानंही त्यांना ओळखलं.

आमच्याकडे दरवर्षी शेतातल्या मारोतीपुढे रोडग्यांचं गावजेवण असतं. गवऱ्यांच्या अंगारात भाजलेला जाड रोडगा कुस्करायचा, त्यावर वरण, त्यावर तूप. तूप वाढायचा मान मामांचा. हात उंच, धार सुतासारखी, आणि तुम्ही "अजून" म्हणेस्तोवर मामा पुढच्या पानावर! मी चित्र काढलं ते असं: मामा ताठ उभे, आणि जेवणारा पानात भिंग धरून तूप शोधतोय. पुस्तक गाजलं. मी फुगलो.

त्यानंतरच्या जेवणात पहिल्याच पंगतीतून कोणीतरी ओरडलं, "मामा, तूप दिसून नाही राह्यलं, भिंग आना!"

पंगत खदखदली. मीही हसलो, आता लपवून काय करू? मामांनी गडवा खाली ठेवला, उपरण्याला हात पुसले आणि बैलगाडीपाशी जाऊन बसले. मग एका तरुण गड्यानं सढळ हातानं तूप वाढलं. लोक वा वा म्हणाले. माझ्या पानात तर तळंच साचलं होतं.

बायकांची पंगत आमच्याकडे शेवटची. ती बसली तेव्हा गडवा खरवडून झाला होता. माझी आई रोडगा नुसत्या वरणात कालवत होती. मला पाहून एवढंच म्हणाली, "तुहा मामा वाढे, तवा आमच्यापर्यंत पुरे."

हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. लहानपणी आईच्या मांडीला खेटून मी त्याच शेवटच्या पंगतीत जेवलो आहे. मामांची धार तिथंही तेवढीच पडायची. चित्र काढताना मला ते आठवलंसुद्धा होतं. पण ती पंगत दाखवली असती तर विनोद मेला असता, म्हणून मी ती गाळली. लाज वाटते.

मामांनी पुन्हा कधी गडवा हातात घेतला नाही. यंदा त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची ठरली, तेव्हा मी हिय्या करून त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "मामा, माफ करा. ते चित्र मी पुस्तकातून वगळतो."

त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"राहू दे बापा. हात बराबर काढला तू. धारही बराबर हाय." मग चित्राच्या कडेच्या कोऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. "इथं तुही माय बसे. तेवढी राह्यली."