बाबांचे कॅनरी

बाबा कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा आईला वाटलं, आता हे गावी जायचं काढणार. पण ते एका रविवारी गोवंडीच्या ओळखीच्या पक्षीवाल्याकडे गेले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून कॅनरीची पिवळी जोडी घेऊन आले. मुलुंडच्या आमच्या घराला एक छोटी ग्रिल लावलेली गॅलरी आहे. तिथली कपडे वाळत घालायची दोरी काढून बाबांनी पिंजरा टांगला.

पाठोपाठ चिमणीहून लहान फिंच पक्षी आले आणि भिंतभर पिंजरे झाले. बाबांना नुसते पक्षी पाळायचे नव्हते, पिल्लं वाढवायची होती. कॅनरीची मादी रोज एक अंडं घालते. ती पहिल्याच अंड्यावर बसली तर पहिलं पिल्लू आधी बाहेर येऊन मोठं होतं आणि शेवटचं त्याच्या पायाखाली उपाशी मरतं. म्हणून बाबा रोज सकाळी चमच्याने अंडं अलगद काढून त्या जागी प्लास्टिकचं ठेवायचे, आणि तिचं घालून झालं की खरी सगळी एकदम परत द्यायचे. "कोणाक मागे ठेवायचा नाय," म्हणायचे. मनोरीला फिरायला गेलो की आम्ही पाण्यात पाय बुडवायचो, ते वाळूतून समुद्रफेस वेचायचे, पक्ष्यांना चोच घासायला.

मग खोकला सुरू झाला. समोरची बिल्डिंग पाडत होते, सगळ्या गल्लीलाच सिमेंटची धूळ, त्यामुळे आम्ही कोणी मनावर घेतलं नाही. पण पाडकाम संपलं तरी खोकला राहिला. जिना चढताना बाबा प्रत्येक मजल्यावर थांबायला लागले आणि उगाच शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचायला लागले. मी त्यांना घाटकोपरला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी स्कॅन बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "काका, घरात पक्षी आहेत का? कबुतरं, पोपट, काहीही?"

"नाही," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"आहेत," मी म्हटलं. "गॅलरीभर आहेत."

बाईंनी नीट समजावून सांगितलं. पक्ष्यांच्या पिसांची, विष्ठेची बारीक धूळ काही जणांच्या फुप्फुसांना सोसत नाही. आधी सूज येते, मग फुप्फुसं कडक होत जातात. "पक्षी आजच्या आज घराबाहेर," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर आईने लगेच पक्षीवाल्याला फोन लावायला घेतला. बाबा गॅलरीच्या दारात उभे राहिले. "मादी अंड्यांवर बसलीय. आता हलवली तर ती परत बसणार नाही."

"अहो, अंडी मोठी की तुम्ही?"

"पिल्लं उडायला लागली की देतो. शब्द देतो तुला."

आई खूप भांडली, रडली. मी म्हटलं, पिंजऱ्यांचं सगळं मी करीन, तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही. बाबांनी मान डोलावली. पण आम्ही दोघी कामाला गेलो की ते आत जायचे. संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याला पक्ष्यांच्या दाण्यांची, राळ्याची टरफलं चिकटलेली असायची. आई ती झटकायची.

अंडी फुटली, सगळी एकाच दिवशी. पिल्लांना पिसं आली, ती दांडीवर बसायला लागली, तोवर बाबांना अंघोळ करून आलं तरी दम लागायला लागला होता. पक्षीवाला टेम्पो घेऊन आला. बाबा पलंगावरून सांगत होते, "त्या म्हाताऱ्या कॅनरी नराला वाऱ्यात ठेवू नको रे. कापड टाक." तो "हो काका, हो काका" म्हणत पिंजरे खाली नेत होता. मग आईने गॅलरी फिनेलने धुतली, भिंती घासल्या, नवा रंगसुद्धा काढला.

आम्हाला वाटलं, आता उतार पडेल. डॉक्टरबाईंच्या गोळ्यांनी बाबांचा चेहरा सुजला, पण दम कमी झाला नाही. पुढच्या तपासणीला बाबांनी स्वतःच विचारलं, "आता पक्षी नाहीत घरात. तरी?"

"तरी, काका," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "जे कडक झालं, ते झालं."

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. एका दुपारी बाबा म्हणाले, "गो, त्या पक्षीवाल्याला फोन लाव. म्हाताऱ्याचा आवाज ऐकव म्हणावं."

मी लावला. पक्षीवाला म्हणाला, "सगळे झकास आहेत," आणि फोन पिंजऱ्याजवळ धरला. कॅनरी गात होता, लांब, न थांबता. मला ऐकून बरं वाटलं. बाबांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, मग फोन माझ्या हातात दिला.

"हा आपला नाही," ते म्हणाले. "आपला गेला असणार. विचारू नको त्याला."

मी विचारलं नाही. बाबांनीही परत कधी फोन लावायला सांगितलं नाही.

आता मशीन दिवसभर चालू असतं. त्याच्या घरघरीत टीव्ही ऐकू येत नाही, म्हणून तोही लावत नाही. नळी नाकात, उशा पाठीशी, असे बाबा बसून झोपतात. आडवं झालं की जीव घाबरतो. सकाळी मी कामाला निघते तेव्हा ते नुसता हात वर करतात. बोललं की दम लागतो, म्हणून निघताना आम्ही आता बोलत नाही.