रागाचा कासरा

बोथच्या आठवडी बाजारात एक मावशी मेथी विकते, नवरा शेजारी बसतो. मोटरसायकलवरून पडून त्याच्या डोक्याला मार लागला, तेव्हापासून तो गिऱ्हाइकांना शिव्या देतो. दीर तिला म्हणायचा, "याले घरात कोंडून ठेव." मी तिचं नेहमीचं गिऱ्हाईक, आणि आमच्या घरातली पहिली डिग्री माझी, म्हणून मी कोणी न विचारताच समजावलं, "मावशी, बैलाले कासरा आवरते, तसा कपाळामागचा मेंदू रागाले आवरते. त्याईचा तोच भाग दुखावला."

जुडी बांधता बांधता ती म्हणाली, "मंग कासरा मी धरतो. कोंडू काऊन त्याईले?"

आता त्याचा आवाज चढला की ती त्याच्या पाठीवर तळहात ठेवते. गेल्या बाजारी तो मलाच शिवी देऊ लागला आणि मधेच थांबला. ती हसली. "पाह्यलं बाबू? आज अर्धीच देल्ली."