चपलांच्या मागं उभी माणसं

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती आहे आणि तिच्यावर रुग्णांतर्फे मी आहे, हे मला दवाखान्याच्या शिपाईमामांकडून कळलं. ते सकाळी मोटारसायकलवर आले, कापडात गुंडाळलेलं रजिस्टर माझ्या ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "काकू, हितं सही करा."

समितीवर एक बाई हवी होती आणि एक रुग्ण हवा होता. मी बाई आहे आणि मला बीपी-शुगर दोन्ही आहे. एका नावात त्यांची दोन कामं झाली. आमचे मालक दौंडला रेल्वेत होते. नोकरी संपल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून आम्ही शिरूर तालुक्यातल्या या आमच्या गावी येऊन राहिलो. कॉलनीत नळाच्या पाण्यापासून गटारापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी भांडणारी बाई म्हणून मी प्रसिद्ध होते. ती बातमी गावात पोचली नसावी, नाहीतर माझं नाव कुणी घातलंच नसतं.

मी रजिस्टर उघडून वाचलं. सभा आदल्या दिवशीच झालेली होती. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं होतं, रुग्णांच्या कोणत्याही तक्रारी नाहीत हे सर्वानुमते मंजूर झालं होतं आणि चहापानानंतर सभा संपली होती. खाली सगळ्यांच्या सह्या. अध्यक्षांनी बहुतेक गोठ्यातच केली असावी, कारण त्यांच्या सहीशेजारी शेणाचं बोट उमटलं होतं.

"मामा, ही सभा झाली कुठं?"

"हीच की सभा. म्या दारोदार फिरतो, समदी सह्या करत्यात. मी लागल्यापास्नं हीच पद्धत हाय."

"मग माझा चहा कुठंय?"

मामा हसले. मी हसले नाही. 'तक्रारी नाहीत' हे वाचून माझं डोकं फिरलं होतं.

त्याला कारण होतं. आठच दिवसांपूर्वी, मंगळवारी, मला एसटी स्टँडवर धनगरवस्तीवरचे आबा भेटले होते. त्यांच्या वडलांनी मेंढ्या घेऊन मुलूख पालथा घातला, आबा आता विहिरीवर कांदा करतात. बीपीच्या गोळ्या दवाखान्यात फक्त मंगळवारी मिळतात आणि वस्तीवरून येणारी एसटी दहाला पोचते. परतीची पावणेबाराला. ती चुकली की मग थेट संध्याकाळी. आबा रिकाम्या हातानं परत निघाले होते. "नंबर लागला न्हाई. दुसरा मंगळवार ह्यो," एवढंच म्हणाले. त्यांच्या थोरल्या भावाच्या गोळ्या अशाच सुटल्या होत्या आणि एका पहाटे त्यांची डावी बाजू गेली. ते अजून बाजेवर आहेत. आबांचा चेहरा लालबुंद झालेला, चालताना झोक जात होता. हा माणूस भावाच्याच वाटेनं चालला होता. मी तिथंच डॉक्टरांना शिव्या दिल्या. मी घरी गेले की या बाई उठून जात असणार, खिडकी लवकर बंद होत असणार, म्हणून म्हाताऱ्यांचे नंबर लागत नाहीत, असा माझा हिशेब.

म्हणून मी सही केली नाही. मामा दुपारी परत आले, दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. "ताई, एका सहीनं तुमचं काय जातंय?" मी म्हटलं, "काही जात नाही, म्हणूनच तुम्ही सगळे करता. मी नाही करणार. सभा घ्या. मंगळवारी घ्या, साडेदहाला, दवाखान्याच्या व्हरांड्यात, पेशंट बसलेले असताना." मालक म्हणाले, "रिटायर झालो मी, तू कधी होणार?" शेवटी डॉक्टर मॅडमनीच होकार कळवला. अर्धाच तास देईन, म्हणाल्या.

मंगळवारी मी तयारीनं गेले. वहीत यादी होती. बायकांच्या संडासाला कडी नाही, पंखा फिरत नाही, पाण्याच्या टाकीत पाणी नाही. मी एकेक वाचत गेले आणि गावातली मंडळी माना डोलवत गेली. मॅडम खाली मान घालून लिहून घेत होत्या. पोरगेलेशी मुलगी, डोळ्यांखाली काळं. मला तिची दया आली नाही. मी शेवटचा आणि मोठा मुद्दा राखून ठेवला होता. आबांना पुढं बोलावलं.

"आबा, सांगा मॅडमना. गोळ्या का मिळाल्या नाहीत?"

आबा उभे राहिले, मुंडासं सारखं केलं. "खरं बोलू का? राग न्हाई ना यायचा?"

"अहो, तुमचं बोलणं ऐकायलाच सभा आहे ही."

"डाक्टरीणबाईंचं काय न्हाई. त्या टायमाला बसल्याल्या असत्यात." आबांनी बोट केलं ते खिडकीसमोरच्या फरशीकडे. "ह्या चपलांचं हाय. आमी धाला येतो, तवा म्होरं निस्त्या चपला. मानसं घरी चा पित्यात आन् आमी चपलांच्या मागं उभं ऱ्हातो. खिडकी उघडली की येका चपलंमागं घरचं चौघं येत्यात. आमचा नंबर येस्तवर येष्टी जाती."

आबा घुटमळले, मग म्हणाले, "तुमची बी असती की, बाई. हिरव्या पट्ट्याची."

परक्या माणसाला सांगावं लागेल, आमच्याकडे रांगेत माणसं उभी राहत नाहीत. उजाडता उजाडता फिरायला जाताना खिडकीसमोर चप्पल ठेवायची, अनवाणी घरी यायचं, धारा, आंघोळ, देवपूजा उरकायची आणि खिडकी उघडायच्या वेळेला जाऊन आपल्या चपलेत पाय घालायचा. त्यासाठी घरोघरी एक जुनी, झिजलेली जोडी राखून ठेवलेली असते. माझी हिरव्या पट्ट्याची होती. दोन वर्षं ती ठेवत होते आणि यात कुणाचं काही बिघडतं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कॉलनीत नळावर दुसऱ्याच्या हंड्यापुढे हंडा सरकवणाऱ्या बाईशी मी झिंज्या उपटण्यापर्यंत भांडले होते. इथं मी तेच करत होते, तेही घरी बसून.

खरं सांगते, पहिला राग मला आबांचा आला. मी यांच्यासाठी अध्यक्षांशी वाकडं घेतलं आणि हे चारचौघांत माझीच चप्पल दाखवतात! शेजारी माझी जाऊ बसली होती, ती उसळली. "गाव आमचं, दवाखाना आमच्या गावात. आमी आदी नंबर न्हाई लावायचा तर कुनी?" तिच्या त्या 'आमचं'नं मला भानावर आणलं. माझ्या मनातही तेच वाक्य तयार होतं, फक्त ती आधी बोलली.

मी उठले. "मॅडम, हिरवी चप्पल माझीच आहे. लिहा. आणि आजपासून चपलेला नंबर नाही, उभ्या माणसाला नंबर. निम्मे नंबर वस्तीची एसटी येईपर्यंत राखून ठेवायचे. हेही लिहा."

मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. "काकू, हे मी सांगून बघितलं होतं. गावानं ऐकलं नाही."

"तुम्ही बाहेरच्या. माझी तर ही घरचीच माणसं, त्यांना मी ऐकवते," मी म्हटलं.

पुढच्या मंगळवारी उजाडायला गेले तर चपला नेहमीसारख्या हजर. पहिलीच जावेची. मी खताची रिकामी गोणी नेली होती. सगळ्या जोड्या तिच्यात भरल्या आणि गोणी फाटकाला टांगली. खिडकी उघडायच्या वेळेला माणसं आली आणि जो काही दंगा झाला! कुणी म्हणालं, हिला समितीचं वारं लागलंय. कुणी म्हणालं, दौंडची हवा अजून उतरली नाही. जाऊ गोणीत हात घालून आपली चप्पल शोधत ओरडली, "भावकीत तोंड दाखवशील का आता?"

"तोंडच दाखवा म्हणतेय मी," मी म्हटलं. "चपला काय दाखवता?"

ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. अध्यक्षांच्या घरच्या हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं ते आजतागायत. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही, जाऊ माझी जिवाची होती. पण गोणी मी पुढचे तीन मंगळवार नेली आणि चौथ्या मंगळवारी तिच्यात भरायला काही सापडलं नाही.

पण गोणीच्या त्या पहिल्या मंगळवारचंच सांगायचंय. सभेच्या दिवशीही आबांचा नंबर लागला नव्हता. दहाला एसटी आली, वस्तीची सात माणसं उतरली, आणि अकराच्या आत आबा मॅडमसमोर बसले होते. मी दारातच उभी होते. मॅडमनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला, पुन्हा बघितला.

"आबा, गोळ्या कधी संपल्या?"

"झालं की दोन-अडीच म्हैनं."

"दोन-अडीच महिने? एवढे दिवस आला का नाहीत? घरात भावाचं बघताय ना?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "रानात कामं व्हती. ऱ्हाऊन गेलं."

चार माणसांत माझी चप्पल दाखवणारा माणूस आता एकट्या मॅडमसमोर मला झाकत होता. मला ते सहन झालं नाही.

"खोटं बोलतायत आबा," मी आत जाऊन म्हटलं. "तीन मंगळवार आले होते ते. आमच्या चपला पुढं होत्या, म्हणून परत गेले. कागदावर तसं लिहा."

"काकू, केसपेपरवर असलं काही लिहीत नसतात."

"मग आजपासून लिहीत जा," मी म्हटलं.