पप्पांनी घातलेली वेणी

कुरळे केस किती छान, असं म्हणणाऱ्या बायकांनी ते एकदा विंचरून बघावेत. कोरडे विंचरले तर कंगवा तरी मोडतो नाहीतर डोळ्यांतून पाणी तरी येतं. ओले करून, तेल लावून, टोकाकडून वर वर जात, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं, एकेक बट सोडवत बसावं लागतं. एक दिवस कंटाळा केला की मानेशी गुंता होतो. आठवडाभर केला की त्या गुंत्याची गाठ होते आणि मग तुम्ही रडा नाहीतर कात्री घ्या. त्यात आमच्याकडे बोअरचं पाणी. त्यानं सरळ केसांचाही झाडू होतो, आमच्या केसांचं तर विचारूच नका.

आमच्या म्हणजे आईच्या आणि माझ्या. आईचे केस ओले असले की गुडघ्यापर्यंत यायचे आणि वाळले की आखडून कमरेवर जाऊन बसायचे. रविवारी आकुर्डीच्या आमच्या दोन खोल्यांच्या गॅलरीत ती पाटावर बसायची आणि मी तिच्या मागे स्टुलावर. शिकेकाई, रिठे आणि नागरमोथा शनिवारीच भिजत पडलेले असायचे. न्हाल्यावर केस टॉवेलनं खसाखसा पुसायचे नाहीत, पप्पांच्या जुन्या बनियननं टिपायचे, हा तिचा कायदा. तिचं झालं की आम्ही जागा बदलायचो. शेजारणी म्हणायच्या, एवढा व्याप कशाला, कापून टाका की. आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. सहा दिवस ते सगळे केस जाळीच्या टोपीत कोंबून तव्यासमोर उभं राहायचं आणि सातव्या दिवशी ते मोकळे सोडायचे, एवढीच तिची चैन होती. मला तिचा हात डोक्यातून फिरताना झोप यायची. तसं सुख मला पुढे कशातच मिळालं नाही.

पप्पा चाकणला कामाला होते. गाडीच्या आत ज्या शेकडो वायरी असतात त्यांचे जुडगे बांधायचे, हे त्यांचं काम. जुडगा बांधायला प्लॅस्टिकचा बारीक काळा पट्टा असतो, त्याला कंपनीत नुसतं टाय म्हणतात. त्याचं शेपूट त्याच्याच डोक्याच्या भोकातून घालून ओढलं की तो बसला. मागे सरकत नाही, सुटत नाही, कटरनं कापावाच लागतो. पप्पांच्या शर्टाच्या खिशात चारदोन टाय कायम असायचे आणि घरातली प्रत्येक मोडकी गोष्ट त्यांनी टायनं बांधलेली होती. नळाचा पाइप, पडद्याची दोरी, माझ्या दप्तराचा बंद. आई चिडवायची, "मलापण बांधून ठेवा एकदा."

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आई मोरीत घसरून पडली आणि तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. केस मीच विंचरायचे, पण त्या सकाळी माझी परीक्षा होती. मी पोहे तोंडात कोंबत चप्पल शोधत होते आणि ती ओले केस पसरून बसली होती. पप्पांची दुपारची शिफ्ट होती. ते म्हणाले, "तू जा गं. दिवसभर कंपनीत दुसरं काय करतो मी?" आणि बसले की तिच्या मागे! इतकी घट्ट, सारख्या पेडांची वेणी मला कधी जमली नव्हती. शेवटी रबर सापडेना. त्यांनी खिशातून टाय काढला, वेणीच्या टोकाला लावला आणि करकचून ओढला.

"अहो! आता ही सुटायची कशी?" आई ओरडली, पण हसत ओरडली.

पप्पा काहीतरी म्हणाले. मी तोवर जिन्यात होते. वरून दोघांच्या हसण्याचा आवाज आला एवढं आठवतं.

दुपारी चाकणच्या चौकात कंटेनरनं त्यांची मोटरसायकल चिरडली. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. कंपनीतल्या माणसांनी नंतर त्यांची पिशवी आणून दिली. तीत न उघडलेला डबा होता, बूट होते आणि लाल मुठीचं कटर होतं. डबा आईनं घासून ठेवला. पिशवी दाराच्या मागे खिळ्याला लावली, ती लावली.

सुतकात डोक्याला तेल लावायचं नाही, कंगवा लावायचा नाही. सगळ्यांकडे असतं तसं आमच्याकडेही होतं. सरळ केसांच्या बायकांचं त्यात काही बिघडत नसेल. आईच्या मानेवर मात्र तेराव्यापर्यंत गाठी धरल्या होत्या. पाहुणे गेल्यावर मी खोबरेल कोमट केलं, कात्री घेतली आणि आधी टाय कापायला वाकले. आईनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"आई, आत्ता नाही सोडवले तर पुढे सुटणार नाहीत."

"राहू दे म्हणते ना."

मी राहू दिलं. नवरा गेलेली बाई, तिला केसांवरून काय छळायचं? पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. प्लास्टर निघालं, तरी ती डोक्यावरून पाणी घ्यायची आणि वेणीसकट तसंच वाळू द्यायची. नवे केस जुन्यांत अडकत गेले, पेड पेडात रुतले. कुरळ्या केसांना फार वेळ लागत नाही.

आत्या, म्हणजे पप्पांची मोठी बहीण, वर्षश्राद्धाला गावाहून आली. तोवर आईच्या पाठीवर नुसता एक जाड, कडक पट्टा लोंबत होता. आत्यानं तो पाहिला आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी हात जोडले.

"देवी आली गं घरात. जट हाय ही. माझा भाऊ गेला, त्याच्या जागी देवी आली."

"आत्या, गुंता आहे तो. माझेही केस असेच आहेत. मी चार दिवस विंचरले नाहीत तर माझ्याही डोक्यात देवी येईल."

"तोंड सांभाळ! कात्री लावशील तर घराचं वाटोळं हुईल. अजून काय उरलंय म्हणा, तू उरलीयास."

मी आईकडे पाहिलं. माझी आई देवभोळी कधीच नव्हती. पप्पांच्या मोटरसायकलला लिंबू-मिरची बांधायलाही तिनं नकार दिला होता. मला वाटलं, आता ती आत्याला दोन शब्द सुनावेल. आई म्हणाली, "असेल. राहू दे मग." आत्यानं हळदीकुंकू मागितलं आणि त्या पट्ट्याला वरपासून खालपर्यंत लावलं. टायलाही लावलं. त्या क्षणी मला दोघींचाही इतका राग आला की मी खाली उतरून रेल्वे स्टेशनापर्यंत उगाच चालत गेले.

मग मंगळवारी, शुक्रवारी बायका यायला लागल्या. ओटी भरायच्या, पाया पडायच्या. कँटीनमधली चपात्या लाटणारी बाई, तिच्याकडे आजवर कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. आता तिला सगळे विचारत, माझा मुलगा कंपनीत परमनंट होईल का, सुनेला दिवस राहतील का, कंत्राट बदललं तर आमच्या ह्यांना ठेवतील का. आई म्हणायची, "मला काही विचारू नका." त्याचाही त्या काहीतरी अर्थ काढायच्या आणि समाधानानं जायच्या. ती जटेचं टोक मांडीवर घ्यायची आणि दोन बोटांनी सारखी चाचपत बसायची. बायका म्हणायच्या, जप चाललाय.

कँटीनचं काम सुटलं, कारण ती जट टोपीत मावत नव्हती आणि ठेकेदार म्हणाला, कापा नाहीतर घरी बसा. ती घरी बसली. मला वाकडला एका ऑफिसात नोकरी लागली. तिथल्या मुली माझे केस हातात घेऊन म्हणायच्या, काय भारी कर्ल्स आहेत, काय लावतेस? जवसाचं पाणी, असं मी सांगायचे. घरी आल्यावर माझे केस मी एकटीच सोडवायचे, आरशासमोर, हात दुखेपर्यंत. मागचा गुंता आपला आपल्याला दिसत नाही. आई समोर बसलेली असायची आणि तिचा हात कधी माझ्या डोक्यापर्यंत आला नाही. पप्पा गेले ते गेले, पण आई असून नव्हती, आणि मला ती परत हवी होती. ती जट निघाली की आई परत येईल, अशी माझी वेडी खात्री झाली होती.

एकदा मी जटा सोडवण्याचं काम करणाऱ्या दोन बायकांना घरी बोलावलं. चांगल्या होत्या, आवाज न चढवता बोलायच्या. एकीनं समजावलं, यात देवबीव काही नसतं, केसांत मळ आणि तेल बसतं, न विंचरल्यानं ते चिकटत जातात. आईनं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाली, "मला माहीत आहे ताई." त्या बुचकळ्यात पडल्या. माहीत आहे तर मग अडलं कुठं? आई कप उचलून आत गेली. मी त्यांना सोडायला निगडीच्या बसपर्यंत गेले आणि वाटेत माझी मान वर होत नव्हती.

त्यानंतर तिची मान दुखायला लागली. पावसाळ्यात जट आतून वाळायचीच नाही, घरात कुबट वास राहायचा आणि कानामागे जखम झाली, ती बरी होईना. ती कुशीवर झोपू शकत नव्हती. मग उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. हातातला पेला पडायचा. दवाखान्यात डॉक्टरांनी मानेचे फोटो काढले आणि चिडून मला म्हणाले, "मानेची नस दबली आहे. हे ओझं आधी उतरवा, मग औषधाचं बोलू. नाहीतर हात जाईल." घरी येताना रिक्षात मी तिच्यावर ओरडले. रिक्षावाला आरशातून बघत होता तरी ओरडले. म्हटलं, मला देवी नको आहे, मला आई पाहिजे. ती बाहेर बघत राहिली.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, मी न्हाऊन गॅलरीत केस टिपत होते. आई आली आणि पाटावर बसली. माझ्याकडे पाठ करून, पूर्वी बसायची तशी.

"काप," ती म्हणाली.

मी धावत कात्री आणली. ती म्हणाली, "कात्री नंतर. दाराच्या मागच्या पिशवीत त्यांचं कटर आहे, ते आण. आधी टाय काप."

मी पिशवी काढली. कटरला गंज चढला होता. खोबरेल लावून मी ते उघडझाप करत राहिले. आईच बोलली.

"मी विचारलं, ही सुटायची कशी. तर म्हणाले, आल्यावर मी कापतो, तोवर हात लावायचा नाही कुणी. म्हणून नाही लावू दिला."

"आणि देवी?"

"देवी म्हटलं की कुणी हात लावत नव्हतं गं. तूसुद्धा."

मला रडू फुटलं. तिला नाही फुटलं. तिनं जटेचं टोक मांडीवर घेतलं, नेहमीसारखी बोटं फिरवली आणि मग ते मागे माझ्याकडे टाकलं.

"परवापासून बोटांना लागतच नाही," ती म्हणाली. "टाय कुठं आणि केस कुठं, काही कळत नाही. रोज हाताला लागायचा. आता तोही लागत नाही, तर ठेवून काय करू?"

टाय हळदीनं पिवळा पडला होता आणि केसांत अर्धा बुडाला होता. कटरचं टोक मी त्याच्याखाली सरकवलं. आईनं डोकं किंचित मागे कलतं केलं आणि डोळे मिटले. वेणी सोडवून घेताना ती तसंच करायची. केस मोकळे होऊन पाठीवर पडायची वाट बघायची.

मी मूठ दाबली. कट्‌ असा आवाज झाला आणि टाय तुटून फरशीवर पडला.

केस हलले नाहीत. मला ते माहीत होतं, माझेही केस तसेच आहेत. त्या वेणीला आता पेड उरले नव्हते. वरपासून खालपर्यंत एकच घट्ट लाकूड झालं होतं.

"सुटली का गं?" आईनं डोळे मिटूनच विचारलं.

मी "हो" म्हणाले आणि कात्री उचलली.