ताईंच्या रक्तातलं पी-५३

एक्स-रे विभागातल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ म्हणून सगळं रुग्णालय त्यांना नुसतं ‘ताई’ म्हणायचं. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," हे शब्द त्यांच्या तोंडी इतके बसले होते की नवरा म्हणायचा, "ही झोपेतही माझा श्वास अडवते."

हसतमुख बाई, पण मनात एक भीती घर करून होती. आई चौतिशीत स्तनाच्या कॅन्सरने गेली, थोरला भाऊ कॉलेजात असताना हाडांच्या. घराला काहीतरी लागलंय, असं नातेवाईक दबक्या आवाजात म्हणू लागले, तेव्हा वडिलांनी घर बदललं. भीती सामानाबरोबर नव्या घरातही आली.

मग धाकट्या बहिणीच्या छातीत गाठ निघाली. तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि डॉक्टरबाईंनी ताईंना बोलावून घेतलं.

"आपल्या पेशींतला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटतो," त्या म्हणाल्या. "पी-५३ नावाचं प्रथिन ते ओळखतं. पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ मिळवून देतं. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर पेशीलाच मरायला लावतं. त्याच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. तुमच्या बहिणीची एक जन्मापासूनच सदोष आहे. एखाद्या पेशीत दुसरी प्रतही बिघडली, की त्या पेशीला आवरणारं कोणी उरत नाही."

"माझंही तसंच असेल?"

"शक्यता निम्मी. आणि तुमच्यात असेल, तर मुलीत असण्याची शक्यताही तितकीच."

ताईंनी लगेच बाही वर सरकवली.

रक्त देऊन त्या कामावर परतल्या, पण बटण दाबताना बोट अडखळायला लागलं. हेच किरण डीएनए तोडतात, हे त्या वर्षानुवर्षं नवख्यांना शिकवत आल्या होत्या. आता किरण अडवणाऱ्या शिशाच्या भिंतीमागे उभं राहूनही अंगावर काटा यायचा.

निकाल आला. दोष होता. मग सगळ्या शरीराचा एमआरआय झाला, कारण त्यात एक्स-रे नसतात. त्या अरुंद नळीत श्वास धरायला सांगितल्यावर ताईंना तो धरताच येईना. मांडीत एक छोटी गाठ दिसली. कॅन्सरचीच होती, पण वेळेत सापडल्यामुळे शस्त्रक्रियेने पूर्ण निघाली. अशा शरीरात किरणांमुळे नवा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून किरणोपचार टाळले. ताईंनी हे किरण न वापरणाऱ्या सोनोग्राफी विभागात बदली मागून घेतली.

मुलीला मात्र त्या गाठीबद्दलच सांगितलं होतं. जनुकाचं सांगायचं म्हटलं की जीभ रेटेना. शेवटी एकदा भांडी विसळताना मुलगीच म्हणाली, "मावशीने सांगितलंय मला सगळं. तू कधी सांगणार होतीस?"

ताई नळ बंद करायचंही विसरल्या. "तुला माझ्याकडून हे मिळालं असेल तर, या विचाराने…"

"मिळालं असेल तर असेल. मला कळायला हवं."

मुलीतही दोष निघाला. त्या रात्री ताई जेवल्या नाहीत.

बहीण उपचारांतून बरी झाली. मायलेकी आता दरवर्षी एकाच दिवशी तपासणीला जातात. गेल्या वेळी मुलगी आत जाताना ताईंनी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"आई, सोड आता. मशीन माझी वाट बघतंय."

दोघींचेही अहवाल स्वच्छ आले. ताईंनी मुलीचा दोनदा वाचला आणि लगेच पुढच्या वर्षीची वेळ घेतली.