दाराबाहेरचा संयम

रेव्हरंड मॅकफी यांच्या संयमावरच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. जगभरच्या भाविकांना संयम छापील मिळाला; आम्हाला तो शारजातल्या चर्चच्या बंद दाराबाहेर, उन्हात उभं राहून मिळाला.

सभागृह एकच, तासातासाने वाटून घेतलेलं. आधी त्यांची इंग्रजी उपासना, मग आमच्या मराठी मंडळीची, आमच्यानंतर फिलिपिनो मंडळीची. हे स्कॉटिश पाळक प्रवचनाच्या शेवटापर्यंत येत, त्याला हात लावत आणि पुन्हा मागे जात. 'शेवटी एवढंच सांगतो' असं आतून ऐकू आलं, की आमच्या शांताबाई निवांत सावली शोधत. मग दार उघडे. घामेजलेल्या आम्हाला पाहून ते शांताबाईंकडूनच शिकलेल्या मराठीत म्हणत, "थांबायचं हं. देव घाईत नाही."

"देव नसेल घाईत, पाळकसाहेब, पण आमच्या मागे फिलिपिनो उभे आहेत," शांताबाई म्हणत. ते मनापासून हसत आणि पुढच्या रविवारी तेवढाच उशीर करत.

माझी पत्नी सुमन गेली, तेव्हा जो तो मला पाळकसाहेबांचं दुःखावरचं पुस्तक आणून देऊ लागला. सांत्वनाचा एवढा साठा कपाटात मावेना. त्या रविवारी रात्रीच्या विमानाने तिला नगरला न्यायचं होतं. शवपेटी वेळेत विमानतळावर पोचवायची होती. तिच्यासाठी मराठी गीतं म्हणायला आमचा तो तासच काय तो हाताशी होता. म्हणजे पाळकसाहेब सोडतील तेवढा.

पेटी घेऊन आम्ही दाराशी थांबलो. आत प्रवचन रंगलं होतं. दाराच्या काचेतून त्यांना पेटी दिसली असावी. वाक्य अर्ध्यावर टाकून ते इथले अरब 'संपलं' म्हणायला म्हणतात तसं म्हणाले, "खलास." त्यांची माणसं गोंधळून एकमेकांकडे पाहू लागली. त्यांनी स्वतः येऊन दार उघडलं आणि आमचं शेवटचं गीत होईपर्यंत ते बाहेर उन्हात उभे राहिले.

मी आभार मानू लागलो, तर हळूच इंग्रजीत म्हणाले, "ते पुस्तक वाचू नका. ते लिहिलं तेव्हा माझं कुणी गेलं नव्हतं."

यंदा ते त्यांच्या गावी वारले. आमच्याच तासाला शोकसभा झाली. त्यांच्या संयमावर वक्ते इतकं भरभरून बोलले, की माझी पाळी आली तेव्हा फिलिपिनो मंडळी दाराशी उभी होती. खिशात मी अनेक दिवस घोटून लिहिलेलं भाषण होतं.

मी काचेबाहेर पाहिलं, "खलास" म्हणालो आणि दार उघडायला गेलो.